निजलेल्यांचा रकाना

गलात्स, २३ एप्रिल १९९८

हरल्या,

हे पत्र तुला अनिकुत्सा वाचून दाखवते आहे. स्टेशनाखालच्या त्या तुझ्या भुयारात वाचता येणारी ती एकटी, आणि तिला अक्षरं शिकवली मी. म्हणून तुझा जळफळाट. तर आधी ऐकून घे, मग काय शिव्या घालायच्या त्या मला घाल, तिला नको.

तू निरोप धाडलास की मी भुयाराच्या झाकणापाशी दिसले तर माझ्या तंगड्या तोडशील. बरं बाबा, नाही येत. सहा वर्षांपूर्वी तुला सोडून ओनुफ्रिएच्या बेकरीत कामाला निघाले, तेव्हा तू विटेने माझा जबडा मोडलास. सख्ख्या बहिणीचा जबडा. अजून शिळा पाव चावला की कानाखाली कट्कन वाजतं. तुला काय काय मोडता येतं याची मला पुन्हा परीक्षा घ्यायची नाही, म्हणून कागद काळा करते आहे.

मंगळवारी पोरगी आली तेव्हा तिचा दंड सोललेला होता. विचारलं तर म्हणाली, पाइपाला टेकले. मला काय दूधखुळी समजतात सगळे? दोन हिवाळे मीही त्याच गरम पाण्याच्या पाइपांवर अंग टाकून काढलेत. नुसतं टेकलं तर लाल पट्टा उठतो. कातडं सोलून निघायला कुणीतरी हात धरून ठेवावा लागतो.

तुला ती का सोडवत नाही ते मला ठाऊक आहे. ती वाचायला शिकली त्याच्या आधी तुझ्या टोळीने मालगाडीचा डबा फोडला आणि आत निघालं काय, तर सिमेंट. अख्ख्या गोदीने हसून घेतलं होतं. आता ती डब्यावरचं वाचते, औषधाच्या बाटलीवरचं वाचते, पोलिसांनी खांबावर चिकटवलेलं वाचते. मी शिकवलं ते तिने वर यावं म्हणून, आणि तू त्याच अक्षरांनी तिला खाली बांधून ठेवलंस. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

अठरा जूनला तिची बेकरीकामाची परीक्षा आहे. गुरुवार. परीक्षक बेकरीत येतात, डोळ्यांदेखत पीठ मळायला लावतात, तीन पदरांच्या वेणीचा पाव घालायला लावतात, चार ओळी लिहून घेतात. पास झाली की दाखला, आणि दाखला असला की ब्राइला शहरातल्या पावाच्या कारखान्यात नोकरी आणि निजायला खाट. सोळा वर्षांची आहे ती, आणि त्यातली पाच जमिनीखाली गेलीत. माझ्याकडे नऊ पोरं शिकतात, पण हात तिचा. ओनुफ्रिए म्हातारा कुणाला चांगलं म्हणत नाही. तो म्हणाला, हिच्या हाताखाली पीठ शहाण्यासारखं वागतं.

तेवढे दोन महिने तिला रोज येऊ दे. मागणं एवढंच.

आणि हेही वाचू दे तिला. मालधक्क्यावर तो माणूस मला केसांना धरून ओढत नेत होता तेव्हा तू पंधरा वर्षांचा होतास. अनाथालयातून पळून आपल्याला महिनाही झाला नव्हता. रुळाचा बोल्ट घेऊन तू त्याचं डोकं फोडलंस. तो हलायचा थांबला तरी तू मारत राहिलास, मी ओढून काढलं तुला. ते मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुझं नाव मी केव्हाच टाकलं असतं.

झम्फिरा

गलात्स, १२ मे

मेल्या,

उत्तर पोचलं तुझं. चौघं जण, सकाळी दहाला, भट्टी पेटलेली असताना. एकाने कांबीने दार फोडलं. दोघांनी ओनुफ्रिएला मानेला धरून त्याचं डोकं पिठाच्या काथवटीत दाबलं. सत्तरीचा म्हातारा, नाकातोंडात ओलं पीठ. पाय झाडायचा थांबला तेव्हा कुठे सोडलं. मी त्याच्या घशात बोटं घालून गोळे काढले, तेव्हा त्याने श्वास घेतला. चौथ्याने जाता जाता त्याचा कान चाकूने फाडला, आठवण राहू दे म्हणाला. माझ्या हातात पाव काढायचं लांब लाकडी फावडं होतं, ते मी त्याच्या तोंडावर आडवं घातलं. पुढचे दात नसलेला एक गडी आता तुझ्याकडे असेल. ती माझी आठवण.

पोरं टेबलाखाली शिरली होती. सगळ्यात धाकट्याची चड्डी ओली झाली. अनिकुत्सा तेवढी उभी राहिली. ती त्या चौघांना म्हणाली, "दादाला जाऊन सांगा, दुपारनंतर मी त्याचं सगळं वाचेन, पण सकाळी इथे येणार. येऊ दिलं नाही तर एक अक्षर वाचणार नाही. मारलं तरी नाही."

आणि म्हणे तू कबूल झालास! सहा वर्षं मी डोकं आपटून जे झालं नाही ते पोरीने एका दमात केलं. हे वाचताना ती लाजेल. लाजू दे.

तिच्याकडूनच कळलं की तू झोपत नाहीस. जानेवारीत पाइप फुटला आणि पेत्रुत्स उकळत्या पाण्यात सापडला, तेव्हापासून. तूच त्याला खांद्यावर घालून वर आणलंस. कोट काढलास तर त्याचं कातडं कोटाबरोबर आलं. सात वर्षांचं पोर, आणि मरेपर्यंत तू हात लावशील तिथे ओरडत होतं. पिशवीत चंदेरी रंग घेऊन नशेसाठी हुंगतोस, डोळा लागतो का बघतोस, लागत नाही, मग उठून जो हाताशी सापडेल त्याला तुडवतोस. त्याने झोप येते का रे?

माझ्याकडे ये. भट्टीमागे ऊब आहे, एक खाट आहे. ओनुफ्रिएचं मी बघते, शिव्या देईल आणि वाढेल. पण तू येणार नाहीस. तुझा हट्ट मी ओळखते, माझाही तोच आहे.

झम्फिरा

गलात्स, ८ जून

हे पत्र ओनुफ्रिए झाकणाच्या कडेला बसून मोठ्याने वाचणार आहे, कारण वाचणारी तू मोडून ठेवलीस. त्याच्या अंगाला बोट लागलं तर मी सरळ पोलिसांत जाईन. भाऊबहीण गेलं खड्ड्यात.

शनिवारचं मला दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं. मृतांचा शनिवार, चर्चच्या अंगणात साखरेचे गहू आणि पाव वाटत होते, तुझी सगळी टोळी वाडगे घेऊन उभी. आदल्या दिवशी पहाटेच तू अनिकुत्साला सांगून ठेवलेलं, चर्चमधून नावांची चिठ्ठी आण, माझं नाव घाल, पाद्रीबाबांना म्हणावं प्रार्थना करा आणि याला झोप लागू दे. तिने चिठ्ठी आणली. चिठ्ठीवर दोन रकाने छापलेले. डावीकडे ‘जिवंत’, उजवीकडे ‘निजलेले’. चर्च मेलेल्याला मेला म्हणत नाही, निजला म्हणतं. आपल्याला ते आई गेली तेव्हा कळलं. हिला कोण सांगणार? हिची आई कोण तेच हिला ठाऊक नाही. दादाला झोप हवी, इथे लिहिलंय निजलेले, घातलं नाव त्या रकान्यात. चांगलं घोटून, वळणदार. पेत्रुत्सचंही नाव घालायचं होतं म्हणाली, पण मेलेल्यांसाठी रकानाच नव्हता म्हणून राहिलं.

पाद्रीबाबांनी मेलेल्यांची नावं वाचली. इओन, एलेना, इओन, वासिले, हरलांबिए. या गावात हरलांबिए आहेत किती? सगळ्यांनी वळून तुझ्याकडे पाहिलं. तो बिनदाताचा तर छातीवर क्रूस काढून म्हणाला, "देव त्याला क्षमा करो," आणि घास तोंडात टाकला. मेलेल्याच्या नावाचं खाताना म्हणायचंच असतं, त्याचं काय चुकलं?

पोरीची चूक झाली. अजाण पोरीची चूक, बाकी काही नाही. यात कुणाचा हात नाही, कुणाची फूस नाही, हे नीट ऐकून ठेव.

आणि तू काय केलंस? रविवारी, ऐन सणाच्या दिवशी, तिचा उजवा पंजा पाइपाच्या सांध्यावर ठेवलास, हातात कांब घेतलीस आणि विचारलंस, कुणी लिहायला सांगितलं? ती म्हणाली, कुणी नाही. एक बोट. पुन्हा विचारलंस. कुणी नाही. दुसरं. पुन्हा विचारलंस. तिसरं. डॉक्टर म्हणाले, अंगठा आणि करंगळी तेवढी शाबूत आहेत, मधल्या तिन्हींचा चुरा झाला आहे. हाडं बसवताना तिने माझी बाही दातांत धरली होती. बाही फाटली.

मेल्या, मुडद्या, असं मी तुला तू रांगत होतास तेव्हापासून म्हणते आहे. तेव्हा कधी दचकला नाहीस. पाद्रीने एकदा म्हटलं तर तुझी पाचावर धारण बसली? मालधक्क्याचा राजा म्हणे! दहा दिवसांवर परीक्षा आली. पीठ काय आता नाकाने मळायचं तिने?

झम्फिरा

गलात्स, १७ जून, बुधवार सकाळ

हरलांबिए,

तुझा निरोप ओनुफ्रिएने आणला. टोळी फुटली म्हणे. मेलेल्याचा हुकूम कुणी ऐकत नाही म्हणून निम्मी पोरं नदीकडच्या टोळीत गेली. बिनदाताच्याने तुझे बूट उचलले, मेलेल्याचे कपडे वाटूनच टाकायचे असतात म्हणाला, आणि तू त्याच्या मांडीत चाकू घातलास. तरी बूट त्याने दिले नाहीत, लंगडत घेऊन गेला. आणि आता तू अनवाणी बसून निरोप धाडतोस: "हे झम्फिराने करवलं की पोरीने आपल्या मनाने, ते गुरुवारच्या आत कळवा. नाही कळलं तर गुरुवारी परीक्षकांदेखत पोरीचा दुसरा हात मोडतो."

तू मोडशील. मला शंका नाही.

तर मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

त्या शुक्रवारी सकाळी ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडेच आली होती. भट्टीत साठ पाव होते, माझे हात कोपरापर्यंत पिठात. तिने विचारलं, "ताई, निजलेले म्हणजे काय गं?" मी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाले, "निजलेले म्हणजे झोपलेले. दोन वर्षं शिकतेस आणि एवढंही कळेना? परीक्षेत काय दिवे लावणार आहेस?" ती ओशाळली आणि गेली. झालं ते एवढंच. कागद कसला, कुठला, मी पाहिलं नाही. एकदा मान वर केली असती तर दिसलं असतं.

करवलं मी नाही. देवाशप्पथ नाही. पण घडलं ते माझ्या तोंडातून.

तू तिला तीनदा विचारलंस. "ताईने सांगितलं" एवढे दोन शब्द ती बोलली असती तर बोटं वाचली असती. बोलली नाही. तू माझ्यावर धावून येशील हे तिला कळत होतं. आणि मी काय केलं? सव्वीस वर्षांची घोडी, त्या पोरीच्या मोडक्या बोटांमागे लपले आणि तुला लिहून मोकळी झाले, पोरीची चूक, कुणाचा हात नाही. दहा दिवस मी तिची पट्टी बदलते आहे आणि तिच्या नजरेला नजर देत नाही. ती मलाच म्हणते, ताई, तू दमलीस, बस जरा. थू माझ्या जिंदगानीवर.

भीती वाटली रे. दुसरं काही नाही, नुसती भीती. तुझं नाव कानावर आलं की अजून माझा हात आपोआप जबड्याकडे जातो. पोरांना सांगत फिरते, घाबरायचं नाही, माणसासारखं जगायचं. आणि आपली वेळ आली तेव्हा शेपूट घातली.

हे पत्र अनिकुत्साच्या हाती देणार नाही, ती तुला हे वाचून दाखवणारच नाही. ओनुफ्रिएलाही देणार नाही. मीच घेऊन येते, आज दुपारी. झाकण उघडं ठेव. खाली उतरून तुझ्या तोंडासमोर वाचते, म्हणजे मध्ये कुणी काही गाळलं असं तुला वाटायला नको. ऐकून झाल्यावर जे मोडायचं ते माझं मोड. माझ्याकडे हात दोन आहेत, तंगड्या दोन आहेत, जबडाही आहे अर्धा.

पण गुरुवारी तू बेकरीच्या दारात दिसता कामा नये. ती परीक्षा ही तिने मागितलेली एकच गोष्ट आहे. भट्टीची शपथ, दिसलास तर आत घालीन.

झम्फिरा

गलात्स, २९ जून

हरलांबिए,

हे अक्षर माझं नाही. मी बोलते आणि अनिकुत्सा लिहिते, तेही डाव्या हाताने, म्हणून ओळी डोंगर चढल्यासारख्या गेल्यात. माझे दोन्ही हात कोपरापासून प्लास्टरात आहेत. भरवायलाही माणूस लागतं. ओनुफ्रिए भरवतो आणि सूप सांडलं की मलाच शिव्या देतो. तुरुंगात कुणीतरी वाचता येणारा असेलच, त्याच्याकडून वाचून घे.

तू मला शेवटपर्यंत वाचू दिलंस, हे आधी सांगायचं आहे. बोल्टाचं वाचलं नव्हतं, ते जुन्या पत्रात होतं, तरी वाचून झाल्यावर तू म्हणालास, "मालधक्क्यावर तुझे केस त्याच्या मुठीत होते." मी म्हटलं, हो. मग मी कागदाची घडी केली. तू म्हणालास, "हात पुढे कर." मी केले.

पहिल्या घावाला मी ओरडले. दुसऱ्याला हाड कातड्याबाहेर आलेलं दिसलं आणि मला वाटलं हे कुणा दुसऱ्याचं आहे. तिसरा घाव तू घातलास तो जमिनीवर. मग कांब टाकलीस, भिंतीला टेकलास, आणि झोपलास. तिथल्या तिथे, माझ्या पायाशी, तोंड उघडं टाकून घोरायला लागलास. उरल्यासुरल्या पोरांतल्या कुणीतरी धावत जाऊन पोलीस आणले. चौघांनी उचलून तुला झाकणातून वर काढलं, डोकं दोनदा लोखंडावर आपटलं, तरी तू जागा झाला नाहीस. पाच महिन्यांची झोप होती ती. मी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या बघत होते. रडावं की काय करावं कळेना.

गुरुवारी परीक्षा झाली. मी हॉस्पिटलात होते, ओनुफ्रिएने सांगितलं ते सांगते. परीक्षक बाईंनी तिची पट्टी पाहिली आणि म्हणाल्या, मुली, पुढच्या वर्षी ये. ही म्हणाली, "पुढच्या वर्षी मी कुठे असेन कुणास ठाऊक. आजच घ्या." बाई म्हणाल्या, बरं, पण वेळ वाढवून मिळणार नाही. डावा हात आणि उजवं कोपर, एवढ्यावर तिने पीठ मळलं. मध्ये पट्टीतून रक्त ओघळलं, तेव्हा तेवढं पीठ टाकून दिलं, पट्टीवर फडकं गुंडाळलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ओनुफ्रिए पुढे झाला तर त्याला म्हणाली, मागे व्हा, तुम्ही हात लावलात तर नापास करतील. वेणीचा एक पदर दातांनी धरायचा विचार होता म्हणे तिचा, बाईंचं तोंड पाहून बेत सोडला. करंगळी आणि अंगठ्यात पदर धरून वेणी घातली. पाव एका बाजूला बसका झाला. पण आतून शिजला, आणि चार ओळी डाव्या हाताने लिहिल्या त्या वाचता आल्या. पास झाली. काठावर, पण पास. परवा ब्राइलाला जाते. तिथल्या मुकादमाला बोटांचं कळवलं आहे, तो म्हणाला की भट्टीवर नको, मोजमापाला घेऊ, मग बघू.

तुझ्या सुनावणीला मला बोलावतील. खरं ते सांगेन. मालधक्क्याचंही सांगेन, पेत्रुत्सचंही सांगेन आणि बोटांचंही. जे होईल ते होवो. सुटलास तर भट्टीमागची खाट आहे. मी वेडी आहे असं ओनुफ्रिए म्हणतो, खाटेवर चादर मात्र त्यानेच घातली.

झम्फिरा

दादा, यापुढचं मी लिहिते, अनिकुत्सा. नावाच्या वर ताईने अजून एक वाक्य सांगितलं होतं, "मी तुला माफ केलं." मी लिहिलं नाही. ताई म्हणाली, लिही. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, माझं पत्र आहे. ती समोर बसली आहे आणि मी काय लिहिते ते बघते आहे. बघू दे. तिचे हात तिने माफ करावेत, सुनावणीत तसं तोंडाने सांगावं, मी अडवणार नाही. पण हा हात माझा आहे, आणि हा तसं लिहिणार नाही.